हाल्ब ड्राय, अडीच आणि माझा हुकलेला फ्लॅट

नेकारचा_काठ

मी मूळ नाशिकचा, गेली चार वर्षं स्टुटगार्टशेजारच्या एसलिंगेनला आहे. जर्मन शिकलो ती नाशिकलाच, संध्याकाळच्या क्लासला, ए१ आणि ए२ या पहिल्या दोन पायऱ्या, सगळं इंग्रजीतून. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यातली गोष्ट आहे.

घर शोधत होतो. इथे भाड्याचं घर मिळणं म्हणजे लग्न जमवण्यातला प्रकार. पगाराच्या तीन स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, स्वतःची माहिती आणि वर हसरा फोटो. चाळीसेक मेल पाठवल्यावर एका आजींचा फोन आला. गुरुवारी बघायला या, 'उम हाल्ब ड्राय'. मी वहीत टिपलं. हाल्ब म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन, झाले साडेतीन.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ३ वाजून २५ मिनिटांनी बेल दाबली. जर्मन लोक वक्तशीर, म्हणून पाच मिनिटं आधी. आजींनी दार उघडलं, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आतल्या टेबलावर चार कपबशा उलट्या घालून वाळत ठेवल्या होत्या. बघायला येणारे येऊन, कॉफी पिऊन गेलेसुद्धा. घर एका जोडप्याला दिलं होतं. 'हाल्ब ड्राय' म्हणजे अडीच. दोन तास पूर्ण झाले आणि तिसऱ्यातला अर्धा झाला, म्हणून 'अर्धे तीन'.

खरी चिडचिड नंतर झाली. आपला 'अडीच' शब्द कुठून आला ते कुतूहल म्हणून बघितलं, तर संस्कृत अर्धतृतीय, त्याचं प्राकृतात अड्ढाइज्ज, त्याचा मराठीत अडीच. म्हणजे 'तिसरा अर्धा'. हाल्ब ड्राय! मी लहानपणापासून तेच म्हणत आलो होतो आणि घर गेलं ते इंग्रजीतून विचार केल्यामुळे.

तेव्हापासून हा नाद लागलाय. दुसरं उदाहरण देतो. क्लासमध्ये सगळ्यांनी 'आय ॲम कोल्ड'चं भाषांतर करून 'इश बिन काल्ट' म्हटलं. सरांनी डोक्याला हात लावला. त्याचा अर्थ होतो 'मी थंड माणूस आहे'. आणि 'इश बिन हाइस' म्हटलं तर भलताच अर्थ होतो, तो सांगत नाही. बरोबर काय? 'मीर इस्ट काल्ट'. मला थंडी वाजतेय. 'मीर' म्हणजे 'मला'! मीर इस्ट लांगवाइलिश, मला कंटाळा आलाय. मीर इस्ट श्लेश्ट, मला मळमळतंय. डास गेफेल्ट मीर, ते मला आवडतं. नाशिकमधल्या वर्गात बसलेल्या बावीस मराठी पोरांना 'डेटिव्ह' नावाचा विभक्तीचा राक्षस इंग्रजीतून दोन आठवडे समजावत होते. 'अरे, मला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की मराठी माणसाने जर्मन मराठीतून शिकावी. तुमच्याकडे अशी आणखी उदाहरणं आहेत का? उलटी असतील तर तीही चालतील.

पाटी_पुसणी

छान धागा. मी शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई, जर्मनशी संबंध एवढाच की मुलगा आणि सून हानोफरला असतात. पण अडीचवरून राहवलं नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीत पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. औट एके औट, औट दुणे सात. संतांच्या ओव्यांत 'औट हात' देह येतो तो हाच, साडेतीन हातांचा. आणि औट आला अर्धचतुर्थावरून, म्हणजे चौथा अर्धा. तुमच्या आजींनी एक तास पुढची वेळ दिली असती तर ती औट झाली असती की नाही?

वेलांटी

बाईंना दंडवत. आणि ही घ्या दुसरी बाजू. जुन्या जर्मनमध्ये 'ड्रिटहाल्ब' म्हणजे अडीच आणि 'फिअर्टहाल्ब' म्हणजे साडेतीन असे आकडे होते. आपली अडीचकी आणि औटकीच. दोन्ही मेले. त्या कुळातला एकच टिकला, 'आंडर्टहाल्ब', म्हणजे दीड. 'आंडर' म्हणजे तेव्हा 'दुसरा', त्यामुळे दुसरा अर्धा. आपला दीडही तसाच, प्राकृतात दिवड्ढ. म्हणजे आपण दीड आणि अडीच ठेवले आणि औट घालवला, त्यांनी दीड ठेवला आणि पुढचे सोडले.

मात्र धागाकर्त्याच्या मोठ्या दाव्याशी असहमत. सविस्तर नंतर लिहितो.

बर्लिनचा_बाब्या

नंतर लिहितो म्हणजे दिवाळीनंतर का? हलके घ्या.

आकड्यांवरून माझी भर. आइनउंडत्स्वान्त्सिग, एक आणि वीस. एकवीस! सीबेनउंडड्रायसिश, सात आणि तीस, सदतीस. ऑफिसातले फ्रेंच आणि ब्राझिलियन यावर रडतात, फोन नंबर लिहून घेताना आकडे उलटे पडतात. मी आरामात लिहितो. फक्त एकोणतीस, एकोणचाळीसला आपली गाडी वेगळी जाते, ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात.

आणि गंमत बघा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' आलं तेव्हा आपल्याकडे काय धुरळा उडाला होता आठवतंय? इथे बोखुममध्ये २००४ पासून 'त्स्वान्त्सिगआइन्स' नावाची संस्थाच आहे. मागणी तीच, 'वीस एक' म्हणू द्या, पोरं चुकतात. त्यांचंही कुणी ऐकत नाही. नॉर्वेने मात्र १९५१ मध्ये सरकारी पातळीवर बदल करून टाकला.

पाटी_पुसणी

आठवतंय तर! त्या आठवड्यात सोसायटीतल्या प्रत्येकाने मला जिन्यात गाठून मत विचारलं होतं. माझं मत मुलांच्या बाजूने होतं, म्हणून दोन घरचं हळदीकुंकू तुटलं.

तिरफळ_बांगडा

क्लासात पयल्याच दिवशी सगळे हसले ता सांगतंय. 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. 'डास मेडशेन'. मुंबईची पोरं म्हणायला लागली, मुलगी 'ते' कशी असेल, काय येडी भाषा. मी गप. आमच्या मालवणीत चेडू 'ता' असता. 'ता चेडू खय गेला?' असाच म्हणतत. गोव्याच्या कोकणीतही लहान वयाच्या बाईमाणसाला 'तें' म्हणतात. मला त्यात विचित्र काहीच वाटलं नाही.

(आता प्रमाण मराठीत येतो, नाहीतर वेलांटी ओरडतील.)

वेलांटी

ओरडणार नाही, उलट आनंद झाला. 'मेडशेन' नपुंसक का, तर शेवटी '-शेन' हा लघुत्वाचा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपल्याकडे लेकरू, पोरगं, करडू, पिल्लू सगळी 'ते' असतात ना, तसंच. पण तुमच्या 'ता चेडू'ला खरा जोडीदार कोलोनच्या बाजूला आहे. ऱ्हाइनलँडच्या बोलीत बाईच्या नावालाच नपुंसक आर्टिकल लावतात, 'एट मारी', 'एट आना'. सत्तर वर्षांच्या आजींनासुद्धा.

आता माझी असहमती. मराठीत तीन लिंगं आहेत आणि जर्मनमध्येही तीन आहेत, म्हणून आपल्याला सोपं जातं, असं पुष्कळ जण सांगतात. साफ खोटं. तीन खण आहेत हे समजायला मदत होते, कुठली वस्तू कुठल्या खणात याला काडीचा उपयोग नाही. चमचा पुल्लिंगी, तिथे जुळलं. काटा मात्र त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसक. आपला सूर्य 'तो', त्यांचा 'डी झोने', म्हणजे ती. उलट मराठी माणूस जास्त आत्मविश्वासाने चुकतो, कारण इंग्रजी बोलणारा निदान पाठ तरी करतो.

दुसरं, वाक्यरचना. पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं ते खरं. 'वाइल इश हॉइटं काइनं त्साइट हाबं', कारण मला आज वेळ नाहीये. शब्दाला शब्द जुळतो. पण मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठाण मांडून बसतं, तिथे मराठी कामाची नाही. भारतात ती सवय असलेली भाषा काश्मिरी. वर ते तोडके धातू! 'आउफमाखेन' म्हणजे उघडणे, पण वाक्यात 'माखे' दुसऱ्या जागी आणि 'आउफ' पार शेवटी. मध्ये कितीही मजकूर. 'आउफ' ऐकेपर्यंत दार उघडायचं की लावायचं ते कळत नाही, कारण 'त्सू' आलं तर लावायचं.

नेकारचा_काठ

लिंगांबद्दल शस्त्रं खाली ठेवली. चार वर्षं झाली, अजून बटर 'डी' म्हणायचं विसरतो. तेही बाजूच्या बव्हेरियात 'डेअर', म्हणजे पुल्लिंगी, म्हणतात, त्यामुळे शरम जरा कमी वाटते.

सिस्टर_सांगलीकर

धागा रात्रपाळीत वाचतेय. मी नर्स आहे, इथे येऊन दोन वर्षं झाली. नर्सिंगची मान्यता मिळवायला बी२ लागतं, ते सांगलीत आणि मग पुण्यात राहून केलं. परीक्षेत मार्क चांगले पडले. आणि वॉर्डात पहिल्या दिवशी एक अक्षर कळलं नाही, कारण पेशंट जर्मन बोलत नव्हते, श्वेबिश, म्हणजे इथल्या श्वाबेन भागाची बोली, बोलत होते.

एका आजोबांनी सांगितलं, 'माय फूस' दुखतोय. फूस म्हणजे पाऊल. मी मोजा काढला, पाऊल दाबून बघितलं, सूज बघितली, काही नाही. ते चिडून मांडीवर थापा मारायला लागले. बरोबरची स्पॅनिश सिस्टर गोंधळली. मी हसले, म्हटलं अहो हा तर आपला 'पाय'! श्वेबिशमध्ये फूस म्हणजे खुब्यापासून खाली सगळं. आपल्याकडे पाय मुरगळला तरी पाय आणि मांडी मोडली तरी पायच मोडला म्हणतात ना, तसं.

दुसरे एक म्हणाले, मला 'टेपिश' द्या. क्लासमध्ये टेपिश म्हणजे गालिचा. म्हटलं भ्रम झाला असेल, वय झालंय, तसं नोंदवायलाही घेतलं. तेवढ्यात जुन्या सिस्टर आल्या, त्यांनी कपाटातून ब्लँकेट काढून त्यांच्या अंगावर घातलं. इथे टेपिश म्हणजे पांघरूण!

तिसरं मात्र अंगावर आलं असतं. एका बाईंना उठवताना त्या 'हेब, हेब' म्हणाल्या. पुस्तकात 'हेबेन' म्हणजे उचलणे. मी उचलायला लागले. त्यांना म्हणायचं होतं 'धर'. इथे हेबं म्हणजे धर आणि उचलायचं असेल तर 'लुपफं'. त्या दिवसापासून एक वही करून खिशात ठेवली. आता तीत दोनशेच्या वर शब्द आहेत.

बर्लिनचा_बाब्या

सिस्टर, ही वही छापा! त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची जाहिरातच १९९९ पासून होती, 'आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून'. सरकारी खर्चाने स्वतःची टिंगल करणारे लोक.

नवशिक्या_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नवीन आहे, मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, सध्या बी१ चालू आहे. दोन प्रश्न. एक, उच्चार. सर म्हणतात तुझं 'झेड' चुकतं. दोन, 'तू' आणि 'तुम्ही' केव्हा? आमच्याकडे विदर्भात बाबालेही 'तू' म्हणतेत काही घरी, मग हे 'झी' काय लफडं आहे भाऊ?

तिरफळ_बांगडा

झेडचं मी सांगतो, फुकट. 'चमचा'मधला च काढ. 'चहा'तला नाही, चमच्यातला. तोच जर्मन झेड. साखर म्हणजे 'त्सुकर', तो 'चुकला'च्या च ने म्हण. हिंदीवाल्यांना आणि इंग्रजीवाल्यांना हा आवाज शब्दाच्या सुरुवातीला काढताना घाम फुटतो, आपल्याला जन्मजात आहे. 'इश'चा शेवट साधायला 'इश्श' म्हणतानाची जीभ थोडी आणखी वर ने. आणि त्या टिंबवाल्या यू, ओ ला मात्र मराठीत औषध नाही. ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची, आरशासमोर सराव. 'श्वूल' म्हणजे दमट आणि 'श्वुल' म्हणजे समलिंगी. मी जुलैमध्ये लिफ्टमध्ये हवेबद्दल बोलायला गेलो होतो. पुढचं विचारू नये.

वेलांटी

'डू' आणि 'झी'बद्दल. मराठी माणसाला तू-तुम्ही ठाऊक आहे, म्हणून पहिला धडा सोपा जातो, आणि मग तिथेच पाय घसरतो. आपलं 'तुम्ही' वयाला आणि नात्याला जातं. त्यांचं 'झी' अंतराला जातं. शेजारचा वीस वर्षांचा पोरगा अनोळखी असेल तर तोही 'झी'. आपण त्याला 'काय रे' म्हणू. 'झी'वरून 'डू'वर यायचं असेल तर ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याने सुचवायचं असतं आणि एकदा आलं की परत जात नाहीत. देवाला मात्र दोन्हीकडे एकेरी, 'विठ्ठला, तू' तसंच तिकडे प्रार्थनेत 'डू'.

मधल्या पायऱ्याही आहेत. पहिलं नाव घ्यायचं पण 'झी' म्हणायचं, याला हाम्बुर्गचं झी म्हणतात. आपलं 'सुनीता, तुम्ही जरा बघता का' तसं. उलट दुकानातल्या बायका आपापसात 'फ्राउ म्युलर, तू जरा गल्ल्यावर बस' म्हणतात, आडनाव घेऊन 'डू'.

पाटी_पुसणी

आमच्या सुनेने मला पहिल्या भेटीत 'डू' म्हटलं. ती तिकडचीच. मुलगा घाबरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, अगं आईला तूच म्हणतात, बरोबर आहे. तिच्या आईशी मात्र अजून आमचं 'झी' चालू आहे. कारण दोघींपैकी मोठी कोण हे ठरेना. मी चार महिन्यांनी मोठी आहे, पण ते सुचवायला जर्मन कुणाला येतंय?

बर्लिनचा_बाब्या

पाटीताई, खिक्! एक कॉफी प्या आणि 'डू?' एवढंच विचारा, पुरे.

सिस्टर_सांगलीकर

ताई, नात्यांवरून आठवलं. मला वाटायचं यांच्याकडे सगळे 'ओंकल' आणि 'टांटे', आपल्यासारखं काका-मामा काही नाही. एका नव्वदीच्या आजी माझ्या घरचं विचारत होत्या. मी मावशीचं सांगितलं, आईची बहीण. त्या म्हणाल्या, 'मूमे'. पूर्वी होता म्हणे हा शब्द.

वेलांटी

होता. मूमे म्हणजे मावशी, बाझे म्हणजे आत्या, ओहाइम म्हणजे मामा आणि फेटर म्हणजे काका. चारही वेगळे, आपल्यासारखे. मग फ्रेंचची फॅशन आली, ओंकल आणि टांटे घरात शिरले, आणि जुन्यातला 'फेटर' आज चुलतभाऊ-मामेभाऊ होऊन बसलाय. 'अंकल-आंटी'ची लाट त्यांच्याकडे आपल्या दोनअडीचशे वर्षं आधी येऊन गेली.

आल्पसवाली

रच्याकने, सगळे जर्मनीचंच बोलताय म्हणून हात वर करते. मी झ्युरिकला. आमच्याकडे शाळेत आणि वर्तमानपत्रात एक जर्मन, घरी आणि बसमध्ये दुसरी. आणि तो बीटासारखा दिसणारा जोड-स आम्ही वापरतच नाही, सरळ दोन एस. जर्मनीत १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेवरून जी भांडणं झाली त्यातलं निम्मं त्या अक्षरावरून होतं. आपल्या अनुस्वारांची आठवण यावी इतकी. २०१७ मध्ये त्याचं मोठं रूपही अधिकृत झालं.

बाकी इथल्या रविवारबद्दल कुणी लिहा ना. मला नवीन येणाऱ्यांची कीव येते.

नेकारचा_काठ

लिहितो, कारण त्यातही तोंडघशी पडलोय.

शेवटी घर मिळालं, तीन मजली इमारतीत वरचं. पहिला रविवार. सकाळी दहाला इडलीचं पीठ नव्हे, नुसती खोबऱ्याची चटणी करायला घेतली. मिक्सर पंचेचाळीस सेकंद चालला असेल. अकराला दाराखालून चिठ्ठी सरकली. सुवाच्य अक्षर, खाली सही आणि तारीख. मजकूर अतिशय नम्र, 'आज रविवार आहे हे आपल्या लक्षात आलं नसावं'. ड्रिलमशीन नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, दुकानं बंद. हे केवळ शेजाऱ्यांचं खूळ नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १३९ आजच्या घटनेतही उचलून घेतलंय. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस. माझी चटणी घटनाबाह्य ठरली.

आणि मग ती पाटी. सोमवारी कामावरून आलो तर दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकलेली, 'केअरवोखे'. झाडू-आठवडा. श्वाबेनची खास प्रथा. आठवड्याला एकेका घराची पाळी, जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा. ही धाकटी. थोरलीत तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. आठवडा संपला की पाटी पुढच्याच्या दाराला. चाळीत नळाची पाळी असायची तसं वाटलं, मी खूश. शनिवारी दुपारी कुणी नसताना पटकन जिना झाडून टाकला. खालच्या बाईंना पटलं नाही. जिना स्वच्छ होता हे त्यांनी मान्य केलं, पण झाडल्याचा आवाज ऐकू आला नव्हता! आता मी बादली मुद्दाम पायरीवर आपटतो. परवा त्या म्हणाल्या, तुम्ही फार व्यवस्थित माणूस आहात.

तिरफळ_बांगडा

बादली आपटण्याला +१००. आमच्या आयेचो स्वयंपाकघरातलो राग असोच ऐकू येयचो.

बर्लिनचा_बाब्या

बर्लिनमध्ये असलं काही नाही बरं का, इथे जिन्यात सायकल, सोफा आणि एकदा मासेमारीची होडी बघितली आहे. प्रदेशाप्रदेशांत फरक आहे, सगळे जर्मन एका मापाने मोजू नका.

देशभर सारखं असतं ते वाढदिवसाचं. आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. मी सहकाऱ्याला शुक्रवारी 'उद्याच्या ॲडव्हान्समध्ये' म्हटलं तर तिने लाकडावर टकटक केली. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. मी माझ्या वाढदिवसाला दिवसभर वाट बघत बसलो, की हे लोक मला केव्हा सरप्राइज देतात. ते वाट बघत होते, हा केव्हा केक काढतो.

विद्यापीठात व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, मुठीने बाकं वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं विधानसभेत अर्थसंकल्प मांडला.

सिस्टर_सांगलीकर

आणि दुपारी बारा वाजता कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो 'मालत्साइट!' म्हणतो. म्हणजे 'जेवण'. मी महिनाभर प्रत्येकाला थांबून सांगत होते, हो, जेवले, आज पोळीभाजी होती. तो नुसता नमस्कार असतो हो.

नवशिक्या_नागपूर

हसून हसून पुरेवाट. पण हे सगळं वाचून वाटलं की लोक आवडतील मला. ते 'डोख' पण जरा समजावा. सरांनी तीन पानं दिली, डोक्यात नाही शिरलं.

नेकारचा_काठ

हा माझा आवडता. 'तू येणार नाहीस ना?' असं कुणी विचारलं आणि तू येणार असशील तर मराठीत काय म्हणशील? 'येणार की!' तो 'की' म्हणजे डोख. आणि वाक्याच्या मध्ये पेरलेले 'या', 'माल', 'एबेन', 'हाल्ट' हे सगळे आपले ना, की, तर, बरं, जरा. 'कोम माल हेअर' म्हणजे 'ये रे जरा इकडे'. 'डास इस्ट या श्योन' म्हणजे 'छानच आहे की हे'. इंग्रजीत याला पान पान टिपा लागतात. श्वेबिशमध्ये वाक्याच्या शेवटी 'गेल?' येतं, ते तर थेट 'हो ना?'.

वेलांटी, इथे तरी सहमत व्हा.

वेलांटी

इथे बाडिस, म्हणजे पूर्ण सहमत. पण एक टोचणी उरतेच. 'आपण' आणि 'आम्ही' यातला भेद त्यांच्याकडे नाही, एकच 'वीअर'. शेजाऱ्याने 'वीअर जेवायला जातोय' म्हटलं की मी अजून घुटमळतो. त्यात मी आहे का?

पाटी_पुसणी

पुण्यातल्या नव्या मुलांना सांगायला म्हणून, आपल्याकडे ही भाषा शिकणं काही आयटीबरोबर आलं नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव घातलं होतं. आमच्या वेळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला बँकेतले कारकून आणि संस्कृतचे शास्त्री एका बाकावर बसायचे. शास्त्रीबुवा विभक्त्या एका दिवसात उरकायचे आणि कॅसेट लावली की कानावर हात ठेवायचे. ज्या मॅक्स म्युलरच्या नावाने इथे जर्मन शिकवतात तो स्वतः भारतात एकदाही आला नाही, ही आमची तेव्हाची लाडकी शंका. एवढं संस्कृत, आणि तिकीट काढलं नाही?

नवशिक्या_नागपूर

मंडळी, तातडीची मदत! लाइपत्सिगच्या एका कंपनीतून आत्ता फोन आला होता. मंगळवारी ऑनलाइन मुलाखत आहे. बाई वेळ 'फिअर्टेल फीअर' म्हणाल्या, दोनदा. मी 'या, या, डांके' म्हणून ठेवून दिला. फिअर्टेल म्हणजे पाव, फीअर म्हणजे चार. हे सव्वाचार की पावणेचार? चुकलो तर गेलो.

बर्लिनचा_बाब्या

ना सव्वाचार, ना पावणेचार! थांब, घाई करू नको. पूर्वेकडे आणि दक्षिणेत असं बोलतात, उत्तरेकडच्या जर्मनांचीही यावर फजिती होते.

पाटी_पुसणी

मी सांगू? हाल्ब फीअर म्हणजे चौथ्यातला अर्धा, साडेतीन. मग फिअर्टेल फीअर म्हणजे चौथ्यातला पाव. सव्वातीन. आणि पाऊण चार असेल तर पावणेचार. बरोबर का?

नेकारचा_काठ

बाई, पैकीच्या पैकी. 'ड्रायफिअर्टेल फीअर' म्हणजे पावणेचार, इथे एसलिंगेनलाही तसंच म्हणतात. नवशिक्या, तरी मेल करून लेखी वेळ मागून घे. लिहिताना ते १५:१५ असंच लिहितात, तिथे वाद नाही.

वेलांटी

आणि उन्हाळी वेळ चालू आहे, म्हणजे भारताशी फरक साडेतीन तासांचा. औट! सव्वातीनात औट मिळव.

नवशिक्या_नागपूर

मेल आला, १५:१५. माझ्या घड्याळात पावणेसात. त्या वेळी आमच्याकडे लाइट जातात, चुलतभावाकडे इन्व्हर्टर आहे, तिकडून बसतो. शर्ट इस्त्रीला टाकलाय.